समोरच्या दुकानातलं कार्ड

रिसोडला मेन रोडवर माझं शिलाईचं दुकान आहे, आणि रस्त्याच्या पलीकडे बरोब्बर समोर आणखी एक शिलाईचं दुकान आहे. ते तिथं आहे, हेच माझं जुनं दुखणं. सकाळी शटर वर केलं की सुरू होतं आणि संध्याकाळी शटर खाली ओढलं तरी थांबत नाही.

दोन्ही दुकानांत शाळेचे ड्रेस शिवतात. फरक एवढाच की मी आधीपासून शिवते आणि ती माझ्याकडे शिकून शिवायला लागली. कॉलर कशी बसवायची, हाफपँटच्या मधल्या शिलाईवर दुसरी शिलाई कशी मारायची, हेडमास्तरांसमोर भाव कसा धरून ठेवायचा, हे सगळं ती माझ्या टेबलाशी उभं राहून शिकली. मग एका चैत्रात "येते काकू" म्हणून पाया पडली आणि रस्ता ओलांडून गेली. जायचंच होतं तर बसस्टँडकडे जायचं, मानोऱ्याला जायचं. पण नाही, समोरच! तिचं नाव मी घेत नाही. आमच्या घरात तिला 'समोरची' म्हणतात. ज्या दिवशी मी तिचा विषय काढत नाही त्या दिवशी माझा नवरा विचारतो, अंगात कसकस आहे का?

तिनं पिण्याच्या थंड पाण्याची मशीन लावली, मी त्याच आठवड्यात लावली. तिनं पाटीवर लाईट बसवला, मी दोन बसवले. इथवर ठीक होतं. या गोष्टी बाजारात मिळतात, आणि बाजार दोघींनाही सारखाच आहे. पण एक दिवस तिच्याकडची एक बाई मुतखड्याचं ऑपरेशन करून वाशीमहून परत आली, आणि येताना घरातलं काही गहाण न टाकता आली. दवाखान्यात तिनं फक्त एक कार्ड दाखवलं होतं. समोरचीनं आपल्या सगळ्या बायकांचा आजारपणाचा विमा काढला होता, सगळ्यांचा मिळून एकच, आणि हप्ता दुकानातून भरत होती.

माझ्या एका बाईनं तिच्याकडून बघायला मागून आणलं, आणि ते कार्ड माझ्या दुकानात आलं. होय, माझ्याच दुकानात. दुपारी डबे सोडून बायका बसल्या होत्या आणि ते हिरवट कार्ड या हातातून त्या हातात फिरत होतं, ज्वारीच्या भाकरीच्या पिठानं कडा पांढऱ्या झालेलं. सगळ्यांत जास्त वेळ ते माझ्या कटिंगवालीच्या हातात राहिलं. ती उलटंपालटं करून बघत होती. मी गल्ल्यावरून म्हटलं, "जेवा ना वं आता. कार्ड काय भाजीत कालवून खाता?" सगळ्या हसल्या. कटिंगवाली हसली नाही.

ही कटिंगवाली म्हणजे माझ्या दुकानाचा कणा. ठाणभर कापड टेबलावर पसरून खडूनं रेघा मारायला लागली की कुठं चिंधीसुद्धा वाया जात नाही. तिच्या कापण्यावर माझ्या तीन शाळांचं काम उभं आहे. जऊळक्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन रिसोडला आली, तेव्हापासून माझ्याकडे. समोरची आणि ही एकेकाळी शेजारीशेजारी मशीनवर बसायच्या आणि एका डब्यात जेवायच्या. समोरची गेली तेव्हा हीपण जाईल म्हणून मी महिनाभर नीट जेवले नव्हते. ती राहिली. पण ज्या माणसाचं जाणं एकदा मनात येऊन गेलेलं असतं, त्याच्यावर नजर ठेवायची सवय लागते. मलाही लागली.

आणि मला त्या कार्डाचा राग यायला दुसरं कारण होतं. माझ्या बायकांचा विमा मीच होते. कुणाला काही झालं की मी म्हणायची, "मी आहे ना." आणि मी असायचीच. ताप आला, हात मशीनखाली आला, पोर भाजलं, की गल्ला नवऱ्यावर सोपवून मी त्या बाईला घेऊन डॉक्टरकडे जायची. रांगेत बसायची माझ्यावर वेळ येत नसे. कंपाउंडर ओळखतो. मी आत जाऊन डॉक्टरांसमोर खुर्ची ओढायची आणि सगळं सांगायची, कारण या बायका काही धड बोलत नाहीत. पोटात दुखत असलं तरी "काई नाई, थोडसंक" म्हणतात. डॉक्टर मग बिलात काही सोडायचे. घरी आणून सोडायचं, दुसऱ्या दिवशी शहाळं घेऊन भेटायला जायचं, दुकानात आल्यावर चार जणींना सांगायचं की अशी अशी परिस्थिती होती, वेळेवर नेलं म्हणून. याला आमच्याकडे माणुसकी म्हणतात.

समोरचीलासुद्धा मीच नेलं होतं. माझ्याकडे असताना तिसऱ्या महिन्यात तिचं पोट पडलं. जीप करून मी तिला वाशीमला नेलं, रक्ताची बाटली मिळवली, तिच्या सासूला दवाखान्यात दोन शब्द सुनावले. अजूनही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी तिचं कौतुक सुरू केलं की मी ही गोष्ट सांगते. आख्ख्या गल्लीला पाठ आहे. म्हणून तर मला सहन होत नव्हतं. जी माझ्या मांडीवर डोकं ठेवून जीपमध्ये पडली होती, ती आता दुसऱ्यांना वाचवणार! गुरूची विद्या गुरूलाच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, बाकीच्या घरी गेल्यावर कटिंगवाली कात्री पुसत मागं रेंगाळली. म्हणाली, "काकू, आपल्या इथं ते कार्ड नाई का निंघत?"

"काहून? मी मेली का?"

"तसं नाई वं माय."

"मग कसं? आजवर कोणाचं अडलं का माझ्या इथं? मी आहे ना."

तिनं कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. "हाव," म्हणाली आणि गेली. त्या 'हाव'मध्ये मला रस्ता ओलांडल्याचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, शाळा सुरू होण्याच्या ऐन घाईत ही मला सोडून समोर जाणार, आणि कारण काय, तर प्लॅस्टिकचं एक कार्ड. रात्रभर अंगाचा तीळपापड झाला. सकाळी मी ठरवलं, कार्ड काढायचं आणि समोरचीच्या कार्डापेक्षा भारी काढायचं.

आमच्याकडे विम्याचं काम करणारे एक गृहस्थ आहेत. आधी पोस्टमन होते, रिटायर झाल्यावर हे काम धरलं. मला दुसरा कुणीतरी हवा होता, कारण समोरचीचं कामही त्यांनीच केलं होतं. पण चार ठिकाणी विचारलं आणि चारही जणांनी त्यांचाच पत्ता सांगितला. शेवटी त्यांना मागच्या दारानं बोलावलं. ते भोळे, सायकल नेमकी पुढच्या दाराला लावून आले.

त्यांनी नीट समजावून सांगितलं, हे मानलं पाहिजे. एकेकीचा वेगळा विमा काढला तर महाग पडतो, आणि जुनं दुखणं असलं तर त्याच्यासाठी काही वर्षं थांबावं लागतं. मोठ्या कारखान्यांना पगारातून कापून सरकारी विमा असतो, तो माझ्याएवढ्या दुकानाला लागू होत नाही. रेशनकार्डावरची सरकारी योजना आहेच, मोठ्या आजाराला ती उपयोगी पडते, पण तिच्या यादीतला आजार पाहिजे आणि यादीतला दवाखाना गाठला पाहिजे. दुकानातल्या सगळ्यांचा गट करून विमा काढला तर माणशी हप्ता कमी येतो आणि जुनी दुखणीही पहिल्या दिवसापासून त्यात धरतात. त्याला कमीत कमी सात-आठ माणसं लागतात. माझ्याकडे तेवढ्या बायका होत्याच, आणि मालकिणीचं नावही त्यात घालता येत होतं.

"जुनी दुखणी धरतात हेच त्याच्यात मोठं आहे," पोस्टमन म्हणाले. "समोरच्या ताईनं पहिलं तेच विचारलं होतं. लय हुशार बाई."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिनं काय काय घेतलं ते सांगा. मला त्याच्याहून एक पायरी वरचं पाहिजे."

"काकू, हे साडीसारखं नसते. आपल्याले काय लागते ते पाहून घ्याचं. वरचं घेतलं त हप्ता वाढते."

"तिच्यात काय नाही ते सांगा."

त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. "बाळंतपण नाई तिच्यात."

"मग माझ्यात टाका."

पोस्टमननी चष्म्यावरून आत शिवत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. निम्म्यांना नातवंडं होती. "काकू, तुमच्या इथं बाळंतीन कोन व्हनार हाये?"

"ते तुम्ही मला विचारू नका. टाका."

त्यांनी टाकलं. आजही त्या बाळंतपणाचा हप्ता मी भरते. नवऱ्यानं दोनदा विचारलं, मी म्हटलं, असू द्या.

कार्डं आली तेव्हा समोरचीनं केलं तसं मी केलं नाही. तिनं म्हणे पगाराच्या दिवशी पाकिटाबरोबर हातात ठेवून दिलं होतं, शेंगदाण्याची पुडी द्यावी तसं. मी दुकान झाडून घेतलं, मशिनींना हार घातले, शेजारच्या चार दुकानदारांना बोलावलं. एकेकीला हळदीकुंकू लावून, ब्लाऊजपीस आणि नारळाबरोबर कार्ड दिलं. समोरचीच्या दारातून दिसावं म्हणून खुर्च्या फुटपाथवर मांडल्या होत्या. तिनं मधूनच बाहेर येऊन पाहिलं, आणि माझ्याकडे बघून हसली. चांगलं हसली, तेच तर खुपलं. चेहरा पाडला असता तर नारळांचे पैसे वसूल झाले असते.

शेवटी मी सगळ्यांना सांगितलं, "आता कार्ड आहे म्हणून परस्पर कुठं जायचं नाही. काही झालं की आधी मला सांगायचं. मी सोबत येते. कार्ड आहे, आणि मीही आहे." दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. कटिंगवालीनं कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि कमरेला खोचलं. मला वाटलं, झालं, ही आता कुठं जात नाही.

शाळांचं काम उरकलं. पाऊस लागला, सोयाबीन उगवून आलं, बाजार थंडावला. एका सोमवारी कटिंगवाली आली नाही. मंगळवारीही नाही. तिच्या घरी माणूस पाठवला तर नवरा म्हणाला, बाहेरगावी गेली. मंगळवारी दुपारी माझं सहज समोर लक्ष गेलं. सहज म्हणजे, जातं तसं. समोरचीची खुर्चीही रिकामी होती.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोघी मिळून अकोल्याला मशिनी पाहायला गेल्या! भागीदारी करणार! कार्डासाठी हळदीकुंकू मी करायचं, आणि कात्री जाणार समोर. पायात चप्पल नीट न अडकवता मी रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत त्या दुकानात मी पाय ठेवला नव्हता. आत तिच्या बायका शिवत होत्या. मला पाहून मशिनी थांबल्या. मी दोऱ्याचं रीळ मागितलं. माझ्याकडे पेटीभर आहेत, ते त्यांनाही माहीत.

"तुमची मालकीण कुठं गेली?"

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "वाशीमले."

"आणि आमची?"

कोपऱ्यातली एक म्हणाली, "दोघीबी वाशीमलेच हायेत. दवाखान्यात. तुमच्या बाईची पिशवी काढली काल."

मी तसंच रीळ हातात घेऊन जीपमध्ये बसले. वाशीम येईपर्यंत मला धड काळजीही वाटत नव्हती, इतका संताप होता. माझं कार्ड, माझा हप्ता, माझी कटिंगवाली, आणि सोबत ती! दवाखान्यासमोर शहाळी घेताना विक्रेत्याशीही भांडले.

वरच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड होता. खिडकीजवळच्या खाटेवर कटिंगवाली आडवी होती, हाताला सलाईन, चेहरा पिवळा पडलेला, पण डोळे शांत. शेजारी स्टुलावर समोरची. तिच्या गळ्यात दवाखान्याचा पास होता. पेशंटपाशी एकीलाच थांबता येत होतं, तिलाच तो मिळाला होता. ती कंगव्यानं कटिंगवालीची वेणी सोडवत होती. मला पाहिल्याबरोबर उठली. "बसा काकू."

मी बसले नाही. शहाळी खाली ठेवली. "मला का नाही सांगितलं?"

कटिंगवालीनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"कधीपासून होतं हे?"

"मागच्या दिवाळीच्या आंधीपासून."

"इतके दिवस? अंगावर काढलंस? रोज माझ्यासमोर टेबलाशी उभी राहायचीस! मी काय परकी होते? मी होते ना!"

"तुमी होत्या म्हनूनच त, काकू," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, रागाचा अंशही नव्हता. "तुमी संगं येता. मंग आत येता. डाक्टरपुढं तुमीच बोलता. बाहीर आलं का दुकानात सांगता, हेडमास्तराले सांगता, हयदीकुंकवाले सांगता. तुमच्या मनात काई नसते, मले मालूम हाये. पन इचं पोट कवा पडलं ते पार मंगरूळच्या बायाईलेबी मालूम हाये, काकू. मले माही पिशवी कोनाच्या तोंडी द्याची नव्हती. कार्ड भेटलं, तवा येता आलं. कार्ड काई कोनाले सांगत नाई."

समोरची खिडकीबाहेर पाहत होती. आता ही काहीतरी बोलेल, सुनावेल, म्हणून मी अंग आवळून उभी होते. ती बोलली असती तर मलाही बोलता आलं असतं. तोंड माझंही काही कमी नाही. ती वळली, शहाळ्यांची पिशवी उचलून खाटेखाली सरकवली आणि गळ्यातला पास काढायला लागली. "काकू, तुमी थांबा इच्यापाशी. मी जाते, दुकानात गल्ल्यावर कोनी नाई."

मी हात पुढे केला. खरं सांगते, केला. तो पास मला हवा होता. इतका दुसऱ्या कशाचा हव्यास मला आयुष्यात झाला नसेल. तेवढ्यात कटिंगवालीनं सलाईन नसलेल्या हातानं समोरचीचा पदर धरला.

"तू कोटी चालली? बस." आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी प्रेमानं, "काकू, तुमी निंघा. आभाय भरून आलं. मी बरी हाये."

मी जिन्यानं खाली आले. निदान काहीतरी करून जावं म्हणून तळमजल्यावरच्या बिलाच्या खिडकीशी गेले, पर्स उघडली आणि कटिंगवालीचं नाव सांगितलं. म्हटलं, मी तिच्या दुकानाची मालकीण, काय भरायचं ते सांगा.

आतल्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "काही भरायचं नाही. विम्यातून मंजूर झालंय."

"औषधं आणायची असतील."

"ती त्यातच आहेत."

"सही वगैरे?"

"पेशंटनं केलीय." तिनं माझ्यामागच्या माणसाला पुढे यायची खूण केली. "तुमचं इथं काही काम नाही, मॅडम."

मी बाजूला झाले. कार्ड चोख चाललं होतं, कुठं अडलं नव्हतं, कुणाची ओळख लागली नव्हती. त्याचे पैसे मी भरले होते, हळदीकुंकू लावून मीच ते तिच्या हातात दिलं होतं. आणि वर, माझ्या जागेवर बसून, समोरची तिची वेणी घालत होती.